आतड्यातला व्हायरस मेंदूत कसा जातो: या विषयात यायचं असेल तर

व्हेटची किंवा मायक्रोबायोलॉजीची बरीच मुलं विचारतात की प्राण्यांच्या व्हायरसवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पॅथॉलॉजीत एमव्हीएस्सी (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलं आणि आतड्यात राहून मज्जासंस्थेत घुसणारे व्हायरस हा माझा आवडीचा विषय, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

पोलिओ सगळ्यांना माहीत असतो. तोंडातून जातो, आतड्यात वाढतो, बहुतेकांना काही होत नाही पण थोड्यांच्या मज्जारज्जूत शिरतो आणि पाय लुळे पडतात. त्याच कुळातले व्हायरस प्राण्यांतही आहेत, डुकरांत टेशोव्हायरस (त्याने होणाऱ्या आजाराची पहिली नोंद चेकोस्लोव्हाकियातल्या टेशेन भागातली, 1929 च्या सुमाराची), कोंबड्यांत एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूच्या दाहाचा) व्हायरस, उंदरांत शास्त्रज्ञ मॅक्स थायलरने 1934 मध्ये मांडलेला व्हायरस. यांना चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे पोटातलं ॲसिड यांचं फारसं काही बिघडवू शकत नाही.

आता नवीन माणसाने सगळ्यात आधी डोक्यात पक्की करायची गोष्ट. विष्ठेत व्हायरस सापडला म्हणजे निदान झालं असं नाही. टेशोव्हायरस ठणठणीत डुकरांच्या विष्ठेतही सर्रास मिळतो, मग लंगडणाऱ्या डुकराची विष्ठा पीसीआरला (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) पॉझिटिव्ह आली तर त्यातून काय सिद्ध होतं? मेंदूत किंवा मज्जारज्जूत व्हायरस हवा आणि स्लाइडवर त्याला जुळणारे बदल पण हवेत, दोन्ही. म्हणून पीएम (शवविच्छेदन) करताना मेंदू उभा कापून अर्धा फॉर्मलिनमध्ये आणि अर्धा बर्फात ठेवायचा, अख्खा फॉर्मलिनमध्ये बुडवला की कल्चर (लॅबमध्ये व्हायरस वाढवून बघणं) कायमचं गेलं आणि पीसीआरही अवघड झालं. मज्जारज्जू काढायला वेळ लागतो, हात दुखतात म्हणून लोक सोडून देतात, पण टेशोव्हायरसमध्ये ठळक बदल बऱ्याचदा तिथेच असतात, तेव्हा कंटाळा करू नका.

एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस झालेलं कोंबडीचं पिल्लू हे शिकायला फार चांगलं. एक ते तीन आठवड्यांची पिल्लं, मान आणि डोकं थरथरतंय, मागे टेकून बसलीत. मेंदू उघडला तर डोळ्यांना काही दिसत नाही. सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) रक्तस्राव दिसला तर आधी व्हिटॅमिन ई ची कमतरता आठवा, मांडीतली सायॅटिक नर्व्ह सुजली असेल तर मॅरेक्स (कोंबड्यांचा दुसरा एक व्हायरल आजार). आणि स्लाइडवर प्रोव्हेंट्रिक्युलसच्या (कोंबडीच्या पोटाच्या पुढच्या भागाच्या) स्नायूत लिम्फोसाइट्सचे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) गच्च गोळे दिसले की बघा, आजार मेंदूचा आणि पुरावा पोटात! मला अजूनही ती स्लाइड बघताना भारी वाटतं. आजार आईकडून अंड्यातून येतो म्हणून लस पिल्लांना नाही, ब्रीडर कोंबड्यांना अंड्यावर येण्याआधी देतात.

आता रस्ता. व्हेटवाल्यांनी इंटर्नशिपनंतर पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत एमव्हीएस्सी करावं, माझं मत पॅथॉलॉजी कारण टिश्यू बघायची सवय नंतर लागत नाही, मॉलिक्युलरचं काम मात्र नंतरही शिकता येतं. बीएस्सीवाल्यांना पुण्यात एनआयव्हीचा (राष्ट्रीय विषाणू संस्थेचा) एमएस्सी व्हायरॉलॉजी आहे. मुंबईत राहायचं असेल तर एन्टरोव्हायरसच्या (पोलिओ ज्या गटात येतो त्या आतड्यातल्या व्हायरसच्या) कामाची परंपरा इथे परळलाच आहे, शहराच्या सांडपाण्यात पोलिओ शोधायचं काम 2001 पासून चालू आहे, सेल कल्चर आणि सॅम्पल हाताळणं तिथल्यासारख्या कामातूनच पक्कं होतं, आणि ज्याला कल्चर येतं त्या माणसाला प्रोजेक्टमध्ये लवकर घेतात.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी रेबीजची प्री-एक्सपोजर (संपर्क येण्याआधीच घ्यायची) लस घ्या. कुत्रा, मांजर, गाय, काहीही असो, मज्जासंस्थेची लक्षणं असलेलं जनावर पीएमला आलं की आधी रेबीज धरूनच चालायचं, मग तुमचा विषय कुठलाही असो. लस झालेली नसेल तर कवटी उघडायला कुणी कितीही घाई केली तरी सरळ नाही म्हणा.