आधी दिसलं ते, मग वाटलं ते

मिरजेला नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या सिस्टर ट्यूटरनी माझ्या रात्रपाळीच्या वहीतली एक ओळ लाल पेनाने खोडली होती. मी लिहिलं होतं, 'पेशंट शांत झोपला आहे.' त्या म्हणाल्या, "झोपलाय हे तुला कोणी सांगितलं? डोळे मिटलेत, श्वास मिनिटाला किती, हाक मारली तर ओ देतो का, ते लिही." तसंच 'दारू प्यायलेला' असं लिहायचं नाही. तोंडाला वास येतो, बोलणं अडखळतं, असं लिहायचं. दिसलं ते वेगळं आणि त्यावरून आपण ठरवलं ते वेगळं.

पुढे तीस वर्षं नोकरी केली, बहुतेक सगळी गोव्यात. हा नियम वॉर्डात पाळला आणि वॉर्डाबाहेर पडताना ड्रेसबरोबर काढून ठेवला. आता आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुली विचारतात, की येशूने कोणाचे दोष काढू नका म्हणून सांगितलं, ते रोजच्या जगण्यात आणायचं कसं? मी त्यांना वही घ्यायला सांगते. मन मोठं कर असं सांगून कोणाचं मन मोठं झालेलं मी पाहिलेलं नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. दिवसातून एकाच माणसाबद्दल लिहा, जिच्या किंवा ज्याच्या नावाने दिवसभर मनात चरफड झाली त्याच्याबद्दल. 'सून दहाला उठली' डावीकडे. 'आळशी आहे' उजवीकडे. मग डावीकडे अजून काय लिहिता येईल ते आठवा. रात्री दोनला तिच्या खोलीत दिवा होता का? बाळ रडत होतं का? चार-पाच दिवसांत कळतं की उजवी बाजू भरभर भरते आणि डावीकडे लिहायला आपल्याकडे फारसं काही नसतंच. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस यासाठी चांगले. आमच्याकडे गोव्यात कोणी त्या दिवसांत मांस सोडतं, कोणी दारू. त्याच्या जोडीला हे एक पान.

ही वही मी का सुरू केली ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याला शिकवण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. पन्नाशीचे, एकटे. पिण्यापायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली. सगळे त्यांना 'बेबदो' म्हणायचे, म्हणजे दारुडा. पावसाळ्यातला शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार करून मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले, तर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली, शर्ट भिजलेला. मी मनात म्हटलं, आज सकाळीच सुरू. त्यांच्या पायांवरून पाय टाकून वर गेले. मासळी धुतली, फ्रिजमध्ये ठेवली. पंधरा-वीस मिनिटांनी कचरा टाकायला खाली उतरले तर ते तसेच. आणि तेव्हा लक्षात आलं की शर्ट पावसाने भिजला असता तर पँटही भिजली असती. पँट कोरडी होती. तो घाम होता.

हात थंडगार, बोटं थरथरत होती. हाक मारल्यावर डोळे उघडले, बोलणं मात्र तुटक. तोंडाजवळ गेले, वास नव्हता. मघाशी वास आला होता का? वास येण्याइतकी जवळ मी गेलेच नव्हते.

वरून ग्लुकोमीटर आणला. साखर बेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की घाबरायला होतं, घाम सुटतो, आणखी उतरली की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, अगदी प्यायलेल्यासारखा दिसतो. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, पुन्हा पाजली, मग दोन पाव खायला घातले. (शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ 108 ला फोन करा.) अकरा दिवस त्यांनी दारूला हात लावला नव्हता. घरात खायला काही नव्हतं आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तशा वेळेवर घेतल्या होत्या.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे: लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक माणूस वाटेवर पडलाय, आणि तिथून एक याजक आणि एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, जातात. हे दोघे मला लहानपणापासून दुष्ट वाटायचे. त्या रात्री ती गोष्ट पुन्हा वाचली. दोघांनीही त्या माणसाला पाहिलं असं तिथे स्पष्ट म्हटलंय. पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने निघून गेले. मागून आलेला शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानायचे त्या लोकांतला एक, मात्र जवळ आला, मग त्याला कळवळा आला. मूळ ग्रीकमध्ये कळवळ्यासाठी जो शब्द आहे त्यात आतडी आहेत. आपणही म्हणतोच की, आतडं तुटतं, पोटात कालवतं. ते दुरून होत नाही. म्हणून दुसरी गोष्ट: कोणाबद्दल मत बनवायच्या आधी वास येईल इतकं जवळ जा. निदान नाव विचारा. त्या गृहस्थांना मी आता नावाने हाक मारते. ते नाव इथे लिहायचं नाही, पण इमारतीत आता आणखी तीन घरं त्यांना नावाने हाक मारतात.

विशेषणं सोडायची सवय फार कठीण. 1991 साली लग्न होऊन मी म्हापशाला आले तेव्हा बाजारात एक बाई मला 'घाटीण' म्हणाली होती. घरी येऊन रडले होते. वीस वर्षांनी, आमच्या मागच्या चाळीत विजापूरकडची बांधकाम मजूर कुटुंबं राहायला आली, आणि नळावर गर्दी झाली तेव्हा 'हे भायले लोक', म्हणजे बाहेरचे, हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. त्यांच्यातली एक मला अक्का म्हणायची, तिच्या देखत. शोमरोनी हीसुद्धा त्या काळी शिवीच होती. योहानाच्या शुभवर्तमानात येशूलाच ती शिवी दिलेली आहे. आणि गोष्ट सांगून झाल्यावर शेजारी कोण ठरला असं विचारलं, तर ज्याला येशू ती गोष्ट सांगत होता तो शास्त्री शोमरोनी हा शब्द उच्चारत नाही, 'दया करणारा' म्हणतो.

बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, संध्याकाळी गप्पा रंगतात आणि कोणाचं तरी नाव निघतं. तिथे उपदेश करू नका. एवढंच विचारा: "तुम्ही शेवटचं कधी बोललात तिच्याशी?" बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. कधी कधी खरंच कोणीतरी उठून तिच्याकडे जातं.

आता मदतीचं. शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. दिले ते उतारशाळेच्या मालकाला, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. मग आपल्या कामाला गेला. यात सगळी रीत आहे. रोख पैसे हातात द्यायची भीती वाटत असेल तर औषधाच्या दुकानात खातं उघडा. मी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगून ठेवलंय, सकाळी सायकलवरून येतो तेव्हा खालच्या दारी दोन पोई, म्हणजे गोव्याचे पाव, ठेवायच्या, पैसे माझ्या हिशोबात. आणि परत यायचा वार ठरवून घ्या. वार ठरवला नाही तर दया एका दिवसाची होते.

व्यसनाच्या बाबतीत नर्स म्हणून सांगते. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडायला लावू नका. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. बांबोळीला मनोरुग्णांची सरकारी संस्था आहे, फोनवर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. 'चार दिवस कोंडला की येईल ताळ्यावर' असं म्हणणारी माणसं वाईट नसतात, पण त्यांनी शिक्षा ठरवलेली असते.

एका गोष्टीवर मात्र मी कोणाचं ऐकून घेत नाही. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला, 'दोष काढू नकोस, क्षमा कर, प्रार्थना कर' असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तिच्या मनगटावरचे वळ मी पुसलेत. तो मारतो, हे डाव्या रकान्यातलं आहे. ते दिसलेलं आहे. ते बोलणं म्हणजे दोष काढणं नव्हे. व्यभिचारात धरलेल्या, दगडमार करायची म्हणून लोकांनी पुढे आणलेल्या स्त्रीला येशूने दंड ठरवला नाही, पण यापुढे पाप करू नकोस असंही सांगितलं. त्याआधी तो खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत राहिला, आणि तिला धरून आणणारे एकेक करून निघून गेले, ते आधी वयस्कर निघाले. मारणाऱ्याबद्दलही कळवळा असू द्या, पण आधी बाईला सुरक्षित जागी न्या, 181 ला फोन करा, आणि तिच्याबरोबर जा.

आम्ही प्रॉटेस्टंट, संतांना नवस बोलत नाही. तरी बाणावलीला जन्मलेल्या जोसेफ वाझ यांची गोष्ट मी मुलींना सांगते. श्रीलंकेत कँडीला पोहोचल्यावर पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं होतं. त्याच शहरात 1697 साली देवीची साथ आली, लोक घरच्या आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा त्या टाकलेल्यांची शुश्रूषा यांनी केली, कोण कुठल्या धर्माचा ते न बघता. 2015 साली त्यांना संतपद मिळालं. हेर म्हणवून घेतलेल्या माणसाने त्या शहराचे फोड धुतले, हे मला पुरेसं आहे.

आणि चुकलात तर माफी मागा. कारणं देऊ नका, 'मला वाटलं की' ने सुरुवात करू नका. मला हे करायला तीन आठवडे लागले. खाली जाऊन दारातच म्हटलं, "त्या दिवशी मी आधी तुम्हाला ओलांडून वर गेले होते. माझं चुकलं."

ते म्हणाले, "माहीत आहे, सिस्टर. चपला ओळखल्या होत्या मी."

मग आत बोलावलं, खुर्चीवरचे कपडे उचलले, चहा ठेवला. दर सोमवारी संध्याकाळी मी त्यांची साखर मोजते. पट्ट्या संपत आल्यात, उद्या बाजारात गेले की आणायच्या आहेत.