गाडीचं ॲप कनेक्ट होत नाही? आधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडीच्या ॲपवर गोल चक्र फिरत राहतं, मग 'गाडीशी संपर्क होऊ शकला नाही' असा मेसेज येतो. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे ॲप काढून पुन्हा टाकणं. तेवढ्यानं भागलं नाही की फोन रिस्टार्ट, मग गाडीचा स्क्रीन रिसेट, मग अकाउंटमधून गाडीच काढून टाकणं. तासाभरानं मूळ अडचण तशीच असते आणि शिवाय लॉगिनही गेलेलं असतं. खरं तर यातल्या बऱ्याच तक्रारी कशालाही हात न लावता सुटतात. फक्त अडकलंय कुठे ते आधी शोधावं लागतं.

तुम्ही घरातून ॲपवर 'एसी चालू' दाबता तेव्हा फोन थेट गाडीशी बोलत नाही. फोन इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो. सर्व्हर मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या एका छोट्या पेटीला हाक मारतो. तिला टेलिमॅटिक्स युनिट किंवा टीसीयू म्हणतात. या पेटीत स्वतःचं ई-सिम असतं आणि गाडी बंद असताना ती गाडीतल्या लहान, बारा व्होल्टच्या बॅटरीवर जागी राहते. पेटी उठते, गाडीतल्या बाकी कंट्रोलरना उठवते, काम करून घेते आणि उत्तर आल्या वाटेनं परत पाठवते. फोन, सर्व्हर, नेटवर्क, पेटी, बारा व्होल्ट यांपैकी एक जरी गळपटलं तरी तुमच्या फोनवर मेसेज तोच येतो. म्हणून मेसेज वाचून निदान होत नाही.

ब्लूटूथच्या मागे लागू नका

ॲप चालेना म्हणून गाडीत बसून फोनचं पेअरिंग डिलीट करणारे पुष्कळ आहेत. गाणी, फोन कॉल आणि बऱ्याचदा अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेची सुरुवात ब्लूटूथवर होते. घरातून चार्जिंग बघणं, एसी लावणं, गाडी लॉक करणं हे सारं इंटरनेटवर चालतं. दोन्ही वाटा वेगळ्या. खात्री करायची असेल तर गाडी चालू स्थितीत ॲपला सापडत असताना फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा, ॲपला काही फरक पडणार नाही. याला एक अपवाद आहे. काही गाड्यांमध्ये फोनच किल्ली म्हणून वापरता येतो आणि ती सोय मात्र ब्लूटूथवर किंवा फोन टेकवून चालते. दरवाजा फोननं उघडत नसेल तर ब्लूटूथ बघा, घरून एसी लागत नसेल तर नेटवर्क बघा.

बेसमेंटला बिघाड समजू नका

पुण्या-ठाण्यातल्या नव्या सोसायट्यांमध्ये चार्जर बसतो तो बहुधा बेसमेंटमध्ये. दोन मजले खाली, चारी बाजूंनी काँक्रीट. आपल्या फोनला तिथे एखादी काडी नेटवर्क मिळतं म्हणून गाडीलाही मिळत असेल असं आपण धरून चालतो. पण गाडीतलं सिम वेगळ्या कंपनीचं असू शकतं, तिचा अँटेनाही वेगळ्या जागी असतो. अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर कोपऱ्यात गाडीच्या स्वतःच्या नेटवर्कचं चिन्ह असतं, ते बघा. तिथे काही दिसत नसेल तर गाडी रॅम्पवरून वर, मोकळ्यावर आणा, गाडी चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग ॲप उघडा. लागलीच चालायला लागलं, तर गाडीत काहीच बिघडलेलं नाही. घाटातून किंवा कोकणातल्या एखाद्या आडगावाहून आल्यावरही असंच होतं: नेटवर्क परत आलं तरी पेटीला पुन्हा जोडून घ्यायला थोडा वेळ लागतो.

चार्जर कायमचा बेसमेंटमध्येच असेल तर रात्रीच्या चार्जिंगची वेळ आणि किती टक्क्यांना थांबायचं हे गाडीच्या स्क्रीनवरूनच लावून ठेवा. तशी सोय असेल तर ते वेळापत्रक गाडीतच साठतं, त्याला नेटवर्क लागत नाही.

शिळा आकडा ताजा समजू नका

रात्री अकराला गाडी चार्जिंगला लावली, सकाळी ॲपमध्ये बघितलं तर ३४ टक्के. चार्जिंग झालंच नाही म्हणून माणूस धावत खाली जातो, आणि गाडीत आकडा पूर्ण असतो. ॲपवर टक्क्यांच्या मोठ्या आकड्याखाली बारीक, फिकट अक्षरांत एक ओळ असते: शेवटचं अपडेट, तारीख, वेळ. ती ओळ काल रात्रीची असेल तर ३४ हा आकडाही काल रात्रीचाच आहे. ॲप चुकीचं सांगत नाही, शेवटचं जे कळलं तेवढंच दाखवतं. आकड्याआधी ही ओळ वाचायची सवय लावून घ्या, निम्मी धावपळ वाचेल.

बारा व्होल्टची बॅटरी विसरू नका

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. तीस-चाळीस किलोवॉट-अवरची भलीमोठी बॅटरी खाली असताना एवढ्याशा बॅटरीमुळे गाडी मुकी कशी होईल, असं वाटतं. पण गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी बाकीच्या वायरिंगपासून तोडली जाते. मग सेंट्रल लॉक, अलार्म, टीसीयू हे सगळं त्या लहान बॅटरीवर येतं. गाडी चालवताना आणि चार्जिंग होत असताना मोठी बॅटरी लहानीला भरते. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून भरून घेतात, सगळ्या नाही.

दर वेळी तुम्ही ॲपमध्ये 'रिफ्रेश' करता तेव्हा झोपलेली पेटी आणि तिच्याबरोबर इतर कंट्रोलर जागे होतात. एकदा-दोनदा काही बिघडत नाही. पण सुट्टीवर गेलेला माणूस दिवसभर 'गाडी नीट आहे ना' बघत राहिला, किंवा दर काही मिनिटांनी आपोआप माहिती ओढणारं बाहेरचं ॲप लावलं, तर लहान बॅटरी उतरत जाते. ती वाचवावी म्हणून काही दिवस उभी राहिलेली गाडी स्वतःच गाढ झोपेत जाते आणि ॲपला दाद देत नाही. तो बिघाड नव्हे. गाडी एकदा किल्लीनं चालू करा, थोडी फिरवून आणा, ॲप मार्गावर येतं.

शंका असेल तर साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली, १२ च्या खाली गेली असेल तर दखल घ्यायलाच हवी. लिथियमच्या लहान बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. लॉक उशिरा लागणं, डॅशबोर्डवर असंबद्ध इशारे एकदम उजळणं, हीसुद्धा तिचीच लक्षणं असू शकतात.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. व्हिडिओत बघून 'रिस्टार्ट' म्हणून बारा व्होल्टचं टर्मिनल काढू नका. काही गाड्यांना त्यासाठी ठरावीक क्रम असतो, वॉरंटीचा प्रश्न असतो, आणि बॉनेटखालच्या नारिंगी वायरी जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात. मोजणं घरी करा, काढणं-घालणं जाणकाराकडे सोपवा.

फोनची बचत आणि परवानग्या

शाओमी, विवो, ओपो, रिअलमी अशा फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करण्याची व्यवस्था कडक असते. चार्जिंग थांबल्याची किंवा गाडी उघडी राहिल्याची सूचना उशिरा येत असेल, तर त्या ॲपपुरती बॅटरी-बचत बंद करा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. व्हीपीएन किंवा जाहिरात रोखणारं काही लावलं असेल तर ते बंद करून बघा. घरच्या वायफायवर चालत नसेल तर मोबाइल डेटावर बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच लॉगिन घेऊन बघणं ही तर उत्तम चाचणी: तिथे चाललं तर दोष फोनचा, तिथेही नाही तर फोन सोडा आणि पुढे बघा. एक लक्षात ठेवा, काही ॲप एका वेळी एकाच फोनवर चालतात आणि दुसऱ्यावर लॉगिन केलं की पहिला बाहेर पडतो. नवरा-बायको दोघांनाही हवं असेल तर एकच पासवर्ड वाटून घेण्यापेक्षा ॲपमधली दुसरा ड्रायव्हर जोडण्याची सोय वापरा.

आज्ञा नाकारली गेली म्हणजे संपर्क तुटला असंही नसतं. चार्ज फार कमी असेल, दरवाजा नीट लागला नसेल किंवा गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट होत असेल, तर घरून एसी लावायला गाडी नकार देऊ शकते.

रिसेट आणि 'गाडी काढून टाका' सर्वांत शेवटी

ॲपमधून गाडी काढली की ती पुन्हा जोडताना ओटीपी, चासी नंबर, आणि बऱ्याचदा गाडीत बसून स्क्रीनवर मान्यता द्यावी लागते. मूळ अडचण नेटवर्कची असेल तर ही मान्यताही पुढे सरकत नाही आणि तुम्ही दोन्हीकडून अडकता. ओटीपी येत नाही म्हणून बटण दाबत सुटलात तर काही काळ अकाउंटच बंद होऊ शकतं. फॅक्टरी रिसेटचंही तेच. सर्व्हिस सेंटरनं सांगितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रांकडे बघा: मुदत, केवायसी, जुना मालक

गाडीतल्या सिमचा खर्च पहिली काही वर्षं किमतीत धरलेला असतो, पुढे सबस्क्रिप्शन भरावं लागतं. एके दिवशी अचानक सगळंच बंद पडलं असेल तर आधी मुदतीची तारीख तपासा.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. आरसी बुक नावावर झालं म्हणजे ॲप नावावर झालं असं नाही. जुन्या मालकाचं लॉगिन चालू असेल तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसतं आणि ॲपमध्ये सोय असेल तर कुलूपही उघडता येतं. व्यवहाराच्या दिवशीच त्याला समोर बसवून गाडी त्याच्या अकाउंटमधून काढायला लावा, मग कंपनीकडे मालकी बदलून आपलं केवायसी करून घ्या. गाडी विकणाऱ्यानंही हे आठवणीनं करावं.

मोबाइल नंबरचीही तीच गोष्ट. बंद पडलेला नंबर भारतात किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. परदेशी गेलेल्या मुलानं आई-वडिलांची गाडी आपल्या इथल्या नंबरवर नोंदवली आणि पुढे तो नंबर रिचार्जअभावी गेला, तर लॉगिन अडकतंच, शिवाय ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. नंबर सोडण्याआधी ॲपमधला बदला.

आणि मदत मागताना व्हॉट्सॲप ग्रुपवर चासी नंबर व लोकेशन दिसणारा स्क्रीनशॉट टाकू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञानं दाखवून दिलं होतं की निसानच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या ॲपची सेवा केवळ चासी नंबरवर विसंबून होती. तो माहीत असला की दूरवरून दुसऱ्याच्या गाडीचा एसी चालवता येत होता, प्रवासाची माहिती बघता येत होती. निसाननं ते ॲप तेव्हा बंद केलं. आज व्यवस्था सुधारल्या आहेत, पण चासी नंबर चारचौघांत ठेवण्याचं कारणच काय?

फक्त फोन घेऊन निघू नका

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचे सर्व्हर अडखळले आणि फोनवरच विसंबलेले अनेक देशांतले मालक गाडीबाहेर ताटकळले. किल्ली किंवा कार्ड जवळ असलेल्यांचं काही अडलं नाही. सर्व्हर कुणाचाही अडखळू शकतो, तेव्हा किल्ली खिशात असू द्या. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली तर रिमोटही चालत नाही. अनेक रिमोटच्या आत धातूची छोटी किल्ली दडवलेली असते. ती कशी काढायची आणि दरवाज्यावर तिचं भोक कुठे आहे, हे आजच घरी बघून ठेवा.

काही वेळा दोष दुरुस्त होण्यासारखा नसतोच. ब्रिटनमध्ये निसाननं मे २०१९ पूर्वीच्या लीफ गाड्यांची ॲपसेवा १ एप्रिल २०२४ पासून थांबवली, कारण त्यांची पेटी मावळत्या २जी नेटवर्कवर चालणारी होती. गाड्या धावत राहिल्या, ॲप गेलं. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना पेटी ४जीची आहे का, हा प्रश्न जरूर विचारा.

सर्व्हिस सेंटरला नुसतं 'ॲप चालत नाही' सांगू नका

तिथे गाडी मोकळ्यावर उभी असते, नेटवर्क भरपूर असतं, ॲप लगेच चालतं, आणि 'दोष आढळला नाही' म्हणून गाडी परत येते. त्याऐवजी चूक दिसली तेव्हाचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, गाडी कुठे उभी होती, ॲपवरची शेवटच्या अपडेटची वेळ, दुसऱ्या फोनवर काय झालं, फोनचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती एवढं लिहून न्या. सर्व्हरकडे प्रत्येक आज्ञेची नोंद असते. नेमकी वेळ मिळाली तर आज्ञा फोनवरून निघालीच नाही, की गाडीपर्यंत पोचून परत आली नाही, हे त्यांना शोधता येतं. ही माहिती जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावा आणि त्याची प्रत मागून घ्या, म्हणजे तीच तक्रार पुन्हा आली तर पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.