घरच्या घरी गाडीचं काम करायचंय? मग बाईक लिफ्ट अशी निवडा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या परभणी-गंगाखेड पट्ट्यात शेतातून घरी येणाऱ्या प्रत्येक गाडीचं एकच असतं, काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधात अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही, मग काडीनं उकरत उकरत गाडी ढकलत आणायची आणि माती वाळायच्या आत चाक काढून सगळं धुवायचं, चेन साफ करायची, ब्रेकचे लायनर बघायचे. दर वेळी गॅरेजवाल्याकडं कुठं जाता, त्याच्याकडं पण त्या दिवसांत रांग लागलेली असते.

आमच्या घरी हे काम कित्येक वर्षं दोन विटांवर चालायचं. मेन स्टँडच्या खाली विटा, गाडी थोडी वर, आणि आप्पा मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. चार वर्षाखाली चाक काढलेलं असताना त्यातली एक वीट फुटली, गाडी डाव्या अंगाला आली आणि आप्पांचा अंगठा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा लोखंडी हात) आणि फरशीच्या मधी सापडला. हाड वाचलं, नख गेलं. त्याच आठवड्यात मी लिफ्ट, म्हणजे गाडी खालून उचलून धरायचं साधन, आणली, आणि घाईघाईत आणली म्हणून चुकीची आणली, ती पुढं विकून टाकावी लागली. तेव्हापासून गल्लीतल्या, पाहुण्यातल्या चार-पाच जणांसोबत लिफ्ट बघायला गेलोय, त्यातून जे कळलं ते सगळं इथं सांगतो.

दुकानात जायच्या आधी गाडी मोजा

सगळे आधी विचारतात की किती किलोची लिफ्ट घ्यावी. हे सगळ्यात सोपं आहे. स्प्लेंडर प्लस ११२ किलोच्या आसपास भरते, म्हणजे एक क्विंटल आणि वर थोडं, पल्सर १५० दीडशेच्या आत-बाहेर, क्लासिक ३५० घेतली तर १९५ किलो. ह्याच्या दुप्पट क्षमतेची लिफ्ट घ्यायची एवढं लक्षात ठेवा, आणि बाजारातल्या बहुतेक लिफ्टवर ३००, ४५०, ५०० असलेच आकडे लिहिलेले असतात म्हणून वजनापायी कुणी फारसं अडत नाही. पण तो आकडा वजन बरोबर मधोमध आणि सरळ ठेवलं तरचा असतो, गाडी एका अंगाला कलली की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आणि हो, माल लावलेली, डिकीत अवजारं असलेली, टाकी फुल असलेली गाडी कंपनीच्या आकड्यापेक्षा जड असते, उचलायच्या आधी जेवढं काढता येतंय तेवढं काढून ठेवा.

खरं मोजायचं ते गाडीच्या खाली. एक पोतं अंथरा, मोबाईलची बॅटरी लावा आणि आडवं होऊन गाडीच्या पोटाकडं बघा. तीन गोष्टी बघायच्यात. इंजिनाखालून फ्रेमचे दोन पाईप जातात का? जात असतील तर लिफ्टचे पट्टे त्या पाईपांवर बसतील, काम सोपं. बऱ्याच गाड्यांना खाली पाईपच नसतो, इंजिन फ्रेमला टांगलेलं असतं आणि सगळ्यात खाली इंजिनाचंच ॲल्युमिनियमचं पोट असतं, तिथं लोखंडी पट्टा थेट लावला तर केसिंगला तडा जायला वेळ लागत नाही, मधी जाड लाकडी फळी आणि रबर घालावंच लागतं. दुसरं, ऑइल काढायचा बोल्ट कुठाय? लिफ्टचा पट्टा बरोबर त्याच बोल्टखाली येत असेल तर ऑइल बदलायला ती लिफ्ट काही कामाची नाही, माझी पहिली लिफ्ट ह्याच्यामुळंच गेली. तिसरं, सायलेन्सरचा वाक. तो सगळ्यात खाली असला तर सगळं वजन त्या पातळ पाईपवर येतं आणि तो चेमटतो.

मग टेप लावून जमिनीपासून त्या टेकवायच्या जागेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. स्प्लेंडरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग ह्यातलं अंतर, १६५ मिलिमीटर दिलेला आहे. म्हणजे लिफ्ट पूर्ण खाली बसवलेली असताना तिची उंची, वरची फळी आणि रबर, हे सगळं मिळून साडेसोळा सेंटीमीटरच्या आत बसलं पाहिजे, नाहीतर ती खाली जाणारच नाही आणि मग परत विटा आल्या. गाडी खाली टेकवलेली असताना मोजा, मेन स्टँडवर लावून मोजलं की दोन-तीन सेंटीमीटर जास्त येतात आणि तिथंच फसगत होते.

काम कोणतं, त्यावरून प्रकार

गाडीला मेन स्टँड आहे आणि तुम्हाला फक्त चेनला ऑइल द्यायचंय, चेन ताणायचीय, मागचं चाक काढायचंय, तर खरं सांगतो, लिफ्ट घेऊच नका. मेन स्टँडच्या बुशिंगला ग्रीस द्या, स्प्रिंग ढिली झाली असेल तर बदला, खाली सपाट जागा करा, काम झालं. ॲक्टिव्हावाल्यांना पण हेच.

मेन स्टँड नसलेल्या गाड्यांना, म्हणजे ड्यूक, एनएस असल्या पोरांच्या गाड्यांना, पॅडॉक स्टँड लागतो. हे सगळ्यात स्वस्त पडतं, दांडी खाली दाबली की मागचं चाक वर. स्विंगआर्मला बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायची गोल गिरी, बसवायची सोय असेल तर बॉबिनवालाच घ्या, आणि बोल्ट घेताना आटे बघून घ्या, एम ६, एम ८ आणि एम १० असे तीन माप चालतात, चुकीचा बोल्ट पान्ह्यानं कचकन आवळला की स्विंगआर्मचे आटे गेलेच समजा. हातानं चार-पाच आटे सहज गेले तरच पुढं पान्हा लावायचा. पुढचा पॅडॉक वेगळा येतो, पण तो मागचा लावल्याशिवाय एकटा लावायचा नाही, आणि खालून शॉकअपला टेकणारा असेल तर त्यावर शॉकअप उतरवायचं काम करता येत नाही.

इंजिनाखाली काम असेल, दोन्ही चाकं उचलायची असतील तर कैची लिफ्ट. हिला स्क्रू असतो, पान्हा फिरवला की कैची उघडत जाते. घरासाठी माझा कौल हिलाच. कामून म्हणाल तर स्क्रूवर चालते, तेल गळायचा प्रश्न नाही, स्क्रू स्वतःहून उलटा फिरत नाही, आणि काम झालं की पलंगाखाली सरकवता येते. हायड्रोलिकची पायानं पंप मारायची दोन हातांची लिफ्ट पण मिळते, ती भराभर वर जाते, पण खाली समांतर पाईप असलेल्या गाडीलाच नीट बसते.

टेबल लिफ्ट म्हणजे आख्खी गाडी वर चढवायची, कमरेएवढ्या उंचीवर उभं राहून काम. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ह्याच्यासारखं सुख नाही, पण गाडीच दोन मीटर लांब, मागं रॅम्प, दोन्ही बाजूंनी माणूस फिरायला जागा, एवढं घरात निघतं का ते आधी खडूनं जमिनीवर आखून बघा. घ्यायचीच असेल तर पुढचं चाक पकडायचा शिकंजा आणि मागच्या चाकाखालची पट्टी निघणारी बघून घ्या, ती निघत नसेल तर मागचं चाक काढता येत नाही.

फरशीचं बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका

हे मी जरा जास्त सांगणार आहे, कारण आपल्याकडं लिफ्टपेक्षा जमीन जास्त दगा देते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण बघतोच, तेच घराच्या आणि शेडच्या खाली पण चालू असतं. वरून शहाबादी फरशी अगदी सरळ दिसते, खाली मात्र पोकळी झालेली असते. गाडी चाकांवर उभी असते तोवर कळत नाही. लिफ्टवर घेतली की सगळं वजन दोन-चार बोटांच्या लोखंडी पायांवर येतं आणि फरशी कटकन बसते.

तपासायचं असं. हातोडीच्या लाकडी दांड्यानं जिथं लिफ्ट ठेवायची तिथली फरशी वीतभर अंतरानं ठोकत जा. भरीव जागेचा आवाज टणक येतो, पोकळ जागेचा ढप ढप येतो, दोन-तीनदा ऐकलं की कान लगेच ओळखतो. मग एक काचेची गोटी ठेवा. अंगणाला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो, गोटी पळाली तर चाकं असलेली लिफ्ट पण पळणार.

घर स्वतःचं असेल तर साधारण चार फूट बाय सात फुटांचा तुकडा करून घ्या. काळी माती फूटभर काढून टाका, तिथं मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसनं चांगला ठोका, वर चार इंच काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडी एकास दोन चार. सात दिवस तरी पाणी मारा आणि गाडी चढवायची घाई करू नका, काँक्रीटला पुरी ताकद यायला २८ दिवस धरतात. भाड्याचं घर असेल तर भरीव फरशी शोधून तिच्यावर १८ मिलिमीटरची प्लाय दोन बाय तीन फुटांची टाका, वजन पसरतं. पत्र्याच्या शेडमधल्या उघड्या मातीवर नुसती प्लाय टाकून लिफ्ट लावायची नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

दुकानात काय बघायचं

लॉक. सगळ्यात आधी लॉक. हायड्रोलिक लिफ्ट वर गेल्यावर तिचं वजन लोखंडी खिळीवर किंवा दात्यांवर टेकलं पाहिजे, तेलावर नाही. एका फॅब्रिकेशनवाल्याकडं मी विचारलं, "मामा, ह्याला लॉक कुठाय?" तर म्हणले, "लॉक कशाला लागतंय भैय्या, जॅक काय एकदम बसतोय का?" जॅक एकदम बसत नाही हे खरं, पण आतलं सील खराब असलं की हळूहळू बसतो, आणि तुम्ही खाली हात घालून असताना हळूहळू पण नको. मी मामांना तिथंच म्हणलं, दोन्ही बाजूंना आडवी खिळी बसेल अशी भोकं पाडून द्या, त्यांनी दिली, एक दिवस लागला.

आपल्याकडं वेल्डिंगवाले चांगले आहेत आणि जालना लोखंडाचं गाव असल्यामुळं मालाची वाण नाही, म्हणून बनवून घ्यायलाही हरकत नाही, पॅडॉक स्टँड तर बिनधास्त बनवून घ्या. कैची लिफ्ट मात्र तयारच घ्या, तिचे सांधे आणि स्क्रू एका रेषेत लागतात, साध्या वर्कशॉपमध्ये तेवढी अचूकता अवघड जाते.

तयार लिफ्ट असेल तर पूर्ण वर करून दोन्ही हातांनी आडवी हलवून बघा. खालचा पाया अरुंद असेल आणि वर डुलत असेल तर परत ठेवून द्या. वेल्डिंगवर बोट फिरवा, सलग लागलं पाहिजे, मधी मधी नुसते टाके मारलेले असतील तर नको. आणि गाडी बांधायला कड्या आहेत का बघा, ह्या कड्यांकडं कुणी बघत नाही आणि नंतर पट्टा कशाला बांधावा ते कळत नाही.

कारचा जॅक चालतो का असं लई जण विचारतात. नाही चालत. त्याचं डोकं तळहातापेक्षा लहान, ते कारची एक बाजू उचलायला केलेलंय, तिथं बाकीची तीन चाकं कारला धरून असतात.

गाडीच्या आधी गोण्या चढवा

नवीन लिफ्ट घरी आणली की पहिल्यांदा गाडी चढवायची नाही. वर एक फळी टाका आणि सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या रचा, झाले दोनशे किलो. खताच्या घेतल्या तर बघून घ्या, डीएपीची गोणी ५० ची असते, युरियाची आता ४५ ची येते. लिफ्ट वीतभर वर करा, लॉक न लावता, आणि टेपनं जमिनीपासून फळीपर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर खडूनं लिहा. सकाळी परत मोजा. कैची लिफ्टमध्ये आकडा तोच राहिला पाहिजे. हायड्रोलिक रातभरात खाली बसली असेल तर सील गेलेलं आहे, वॉरंटीत परत द्या. तेल कमी वाटलं तर जॅकचंच तेल टाका, ब्रेक ऑइल टाकू नका, त्यानं सील फुगून वाया जातात.

पहिल्यांदा गाडी उचलताना

दुसरा माणूस सोबत ठेवा. पुढच्या ब्रेकची दांडी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा म्हणजे पुढचं चाक जाम राहतं. लिफ्ट इंजिनाच्या मधोमध आणा, फळी-रबर घाला, आणि फक्त दोन बोटं वर घ्या. थांबा आणि बघा कोणतं चाक आधी सुटलं. मागचं सुटलं आणि पुढचं टेकलेलंच आहे तर लिफ्ट जरा पुढं सरकवायची, उलटं असेल तर मागं. खाली उतरवून सरकवा, वजन असताना ढकलू नका. दोन्ही चाकं जवळजवळ बरोबर सुटली की मगच पुढं घ्या, आणि लागतंय तेवढंच घ्या, चाक काढायला टायर जमिनीपासून तीन-चार बोटं सुटला तरी पुरतो.

मग गाडी बांधायचे पट्टे. हँडलच्या खालच्या टीपासून (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा तुकडा) दोन्ही बाजूंना, मागं फ्रेमपासून दोन्ही बाजूंना. पट्टे सारखे ताणा, एक बाजू आधी पूर्ण आवळली की गाडी तिकडं कलते. लॉक लावा. आता एका हातानं सीट धरून हलवून बघा, गाडी आणि लिफ्ट एकच वस्तू असल्यासारखी हलली पाहिजे.

मागचं चाक काढणार असाल तर आधी ध्यानात घ्या की चाक, चेन-स्प्रॉकेट निघालं की मागचं वजन जातं आणि गाडी पुढं झुकते. म्हणून एक्सलचा नट सोडायच्या आधी पुढच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारा, तो चाकाला घट्ट लागलेला पाहिजे. आणि घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून घ्या, वर उचललेल्या गाडीवर लांब पान्हा लावून जोर द्यायचा नाही.

उतरवताना ठोकळे काढा, साईड स्टँड उघडा, सोबतच्या माणसाला हँडल धरायला सांगा, मग पट्टे सोडा आणि शेवटी लॉक. हायड्रोलिकचा व्हॉल्व पाव आटाच फिरवा, गाडी सावकाश बसू द्या. लिफ्ट नेहमी पूर्ण खाली करून ठेवायची, दांडा आत राहतो आणि त्यावर धूळ-गंज धरत नाही, स्क्रूवाली असेल तर चिखलाच्या दिवसांत कोरड्या फडक्यानं पुसून बोटभर ग्रीस आट्यांवर फिरवून ठेवा.