शिडाची लाकडी होडी पावसाळ्यानंतर परत पाण्यात घालताना

कोकणात अजून काही खाड्यांमध्ये शिडाच्या जुन्या लाकडी होड्या दिसतात, घरच्या कोणीतरी बांधलेल्या, आता बऱ्याचशा नुसत्या आडोशाला पडून. त्यातली एखादी तुमची असेल आणि परत पाण्यात घालायची असेल तर पहिली गोष्ट लक्षात घ्या, लाकडी होडीला खारं पाणी मारत नाही, मारतं ते पावसाचं गोडं पाणी आणि त्यानंतरचं कडक ऊन. खाऱ्या पाण्यात बुरशी सहज धरत नाही, गोडं पाणी मात्र तळाशी साचून राहिलं की लाकूड आतून भुसभुशीत होतं आणि बाहेरचा रंग बघून कळत पण नाही.

म्हणून होडी वर ओढतानाच निम्मं काम होतं. मोठ्या बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, त्याच्या आसपासच आपली पण वर घ्यायची. तळाचं बूच काढून ठेवा, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जराशी उंच ठेवा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल, खाली ओंडके द्या, जमिनीला टेकवू नका. वरून झाप किंवा ताडपत्री घाला पण घट्ट गुंडाळू नका, दोन्ही टोकांनी वारा खेळला पाहिजे. प्लास्टिक चापून चोपून बांधलेली होडी सप्टेंबरात उघडली की जो वास येतो तो एकदा घेतला की परत कोणी तसं बांधत नाही.

आता तपासणी. एक छोटी हातोडी आणि एक स्क्रू ड्रायव्हर घ्या, बाकी काही नको. फळीवर ठोकत जा, चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा, सहज आत गेला तर ती फळी बदलायचीच. नाळेचा खालचा भाग, तळाच्या मुख्य लाकडाजवळच्या फळ्या आणि फासळ्यांची खालची टोकं इथे जास्त वेळ द्या. बाहेरून टाचणीएवढी भोकं दिसली तर ते लाकूड पोखरणारे समुद्री किडे, भोक बारीक असतं पण आत बोट जाईल एवढा बोगदा असू शकतो. एक बरं आहे की होडी महिनाभर कोरडी राहिली की ते मरतात, पण पोखरलेलं लाकूड काय परत भरून येत नाही.

खिळे पण बघा. लोखंडी खिळा गंजला की फक्त तोच जात नाही, भोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं, मग त्याच भोकात नवा खिळा मारला तरी धरत नाही, बाजूला नवीन जागा घ्यावी लागते. तांब्याचे मिळाले तर तेच वापरा. (खिळ्याशिवाय पण होडी होते बरं का, नौदलाची आयएनएसव्ही कौंडिण्य गोव्यात काथ्याने फळ्या शिवून बांधली, 2025 मध्ये पाण्यात उतरवली.)

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फटी भरताना. होडी दोन-तीन महिने वर राहिली की फळ्या सुकून आकसतात आणि मधल्या फटी मोठ्या दिसतात, मग माणूस घाबरून त्या ठासून भरतो. असं करू नका. पाण्यात गेल्यावर त्याच फळ्या फुगतात आणि ठासलेल्या फटीला जागाच उरली नाही तर फळीच्या कडा चिरडतात नाहीतर फासळीवरून खिळे उपटले जातात. फटीत आधी भरलेला जुना कापूस मऊ झाला असेल तिथलाच काढा, नवीन कापसाची सैलसर पिळलेली वात पटाशीने हलक्या हाताने आत बसवा, आणि वरून राळ आणि तेलाचं मिश्रण फटीच्या तोंडापेक्षा जरा खालीच ठेवा, फुगताना ते वर येतंच. एमसील, एपॉक्सी असलं दगडासारखं होणारं काही फटीत घालू नका. आणि "वरून फायबर मारून टाक, कटकट मिटेल" असं दहा जण सांगतील, पण जुन्या हलत्या फळ्यांवर फायबर टिकत नाही आणि मागे ओल अडकून लाकूड झाकल्या झाकल्या कुजतं, माझं मत तरी सरळ नाही असंच आहे.

आतून उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल लावतात, दुसरं अंगावर उततं, म्हणून हातमोजे घाला. बाहेरून खाली पूर्वी चुना आणि चरबी फासायचे, आता तांब्याचा अँटीफाउलिंग पेंट (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) मिळतो, तो कोरड्या लाकडावरच लावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच होडी पाण्यात घाला.

रंग झाला की आतून गोणपाटं पसरून समुद्राच्या पाण्याने तीन-चार दिवस भिजत ठेवा, नळाच्या पाण्याने नाही. फटी हळूहळू मिटताना दिसतात.

उतरवायचा दिवस उधाणाचा घ्या, पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे एक-दोन दिवस उत्तम, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आसपासचा मुहूर्त नुसता धार्मिक नाही, पण वारा निवला नसेल तर थांबा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची, द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, हा अंदाज आहे, शेवटी भरतीचं कोष्टक बघाच. पूर्ण भरतीच्या तासभर आधी होडी काठावर तयार हवी, बूच लावलंय ना ते दोनदा बघा, हे हसण्यावारी नेऊ नका.

पाण्यात गेल्यावर थोडं पाणी आत येणारच. शिडाची घाई करू नका, दोन दोरांनी काठालाच उथळात बांधून ठेवा आणि पाणी उपसत रहा, पहिल्या रात्री कोणीतरी उठून बघायला हवं. पाणी रोज कमी होत गेलं तर सगळं ठीक. एकाच जागेवरून धार येत राहिली तर तिथे खडूने खूण करून पुढच्या ओहोटीला होडी उताणी न करता नुसती कलती करून तेवढीच फट परत बघा. डोलकाठीचे दोर या दिवसांत सैलच ठेवा, लाकूड फुगून जागेवर बसलं की मग ताणा, आणि शीड पहिल्यांदा मंद वाऱ्यात, खाडीतच उघडा, लाइफ जॅकेट घालून.