‘सर्व अर्ज निकाली’ म्हणजे माहिती दिली असे नव्हे: माहिती अधिकाराचे दावे तपासताना या चुका टाळा

‘माहिती अधिकाराचे शंभर टक्के अर्ज निकाली’ असा दावा समोर आला की आधी ‘निकाली’ या शब्दापाशी थांबा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 खाली (कोणती माहिती नाकारता येते, ते सांगणारं कलम) नाकारलेला अर्ज निकाली, दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केलेला निकाली, आणि ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर गेलेलाही निकालीच. आकडा खरा असतो, पण अर्जदाराच्या हाती काही पडलेलं नसतं. आकडा जुळला म्हणून दाव्यावर ‘खरे’ असा शिक्का मारणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. पूर्ण माहिती किती जणांना मिळाली, नकार किती आणि कोणत्या कलमाखाली, हे विचारा. कलम 25 नुसार माहिती आयोगाच्या वार्षिक अहवालात नकारांची संख्या आणि त्यासाठी वापरलेली कलमं द्यावी लागतात. मात्र हे आकडे मुळात विभागांकडूनच येतात. शिवाय मुदतीत उत्तर न देणं हाही कायद्यानं नकारच आहे (कलम 7(2)), पण तो मुका नकार त्या रकान्यात दिसेलच असं नाही. म्हणून जमेल तिथे आवक-जावक नोंदवहीची प्रत मागून तारखा स्वतः पडताळा.

उलट बाजूनेही तितकीच घाई होते. ‘बेचाळीस दिवस लावले, कायदा मोडला!’ जरा दिवस मोजून पाहू. समजा, अर्ज 3 जूनला पोचला. 20 जूनला शुल्क भरण्याचं पत्र निघालं, अर्जदाराने 8 जुलैला पैसे भरले आणि 15 जुलैला माहिती मिळाली. उत्तरासाठी कायद्याने 30 दिवसांची मुदत दिली आहे, पण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ त्यात धरत नाहीत. म्हणजे आधीचे 17 आणि नंतरचे 7, एकूण 24 दिवस. अधिकारी मुदतीत आहे. त्रयस्थ व्यक्तीची माहिती असेल तर मुदत 40 दिवसांची, आणि जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर फक्त 48 तासांची. अर्ज, शुल्कपत्र आणि पावती हे तिन्ही कागद पाहिल्याशिवाय विलंबाचा निष्कर्ष काढू नका. अर्जदार प्रामाणिक असला तरी शुल्कपत्राचा उल्लेख त्याच्याकडून राहून जातो.

दुसऱ्या अपिलाबाबतही गल्लत होते. पहिलं अपील (वरिष्ठ अधिकाऱ्याकडे केलेलं) 30, फार तर 45 दिवसांत निकाली निघायला हवं. आयोगापुढच्या दुसऱ्या अपिलाला मात्र कायद्यात मुदतच नाही. तिथे वर्ष-वर्ष लागणं अर्जदारावर अन्यायच आहे आणि तो ठणकावून मांडला पाहिजे, पण ‘मुदतीचा भंग’ असं लिहिलंत तर तुमचाच दावा खोटा ठरेल.

‘कार्यालयाला 50 हजारांचा दंड’ अशी बातमी आली तर आदेशाची प्रत मागाच. कलम 20 चा दंड रोज 250 रुपये, एका प्रकरणात जास्तीत जास्त 25 हजार, आणि तोही जन माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खिशातून. तो फक्त आयोग लावू शकतो, प्रथम अपिलीय अधिकारी नाही. कार्यालयाने अर्जदाराला द्यायची रक्कम बहुधा कलम 19 खालची नुकसानभरपाई असते. नोटीस निघाली म्हणजे दंड झाला, असंही नाही.

माहिती ‘दडवली’ म्हणण्याआधी ती कागदावर होती का, हे पाहा. नवीन माहिती तयार करून देणं कार्यालयावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण जो कागद कायद्याने ठेवायलाच हवा, तोच ‘आढळून येत नाही’ असं उत्तर आलं, तर तपास तिथे संपवू नका.

राहिला संकेतस्थळाचा दावा. ‘कलम 4 ची माहिती (कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची माहिती) प्रसिद्ध केली आहे’ हे पान उघडून लगेच तपासता येतं. ही माहिती दरवर्षी अद्ययावत करायची असते. पानावरचं जन माहिती अधिकाऱ्याचं नाव आणि अलीकडच्या एखाद्या उत्तराखालची सही जुळवून पाहा. बदली होऊन गेलेल्या माणसाचं नाव तिथे तसंच असेल, तर पान कधीचं आहे ते कळतं.