लहानपणी हाताळलेली लष्करी सरावाची एअर रायफल कशी ओळखावी

फोटो शोधायला लागण्याआधी आठवतं ते कागदावर उतरवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दहा फोटो पाहिले की त्यातली एखादी बंदूक आठवणीत घुसते आणि मग खरी कोणती हे सांगता येत नाही. लांबी-वजनावर फार भर देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाला कुठलीही रायफल तोफेएवढीच वाटते. हातांनी केलेली क्रिया मात्र सहसा नीट लक्षात राहते, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पहिला प्रश्न: बंदूक कॉक, म्हणजे स्प्रिंग ताणून बारासाठी तयार, कशी व्हायची? नळी मध्येच मोडायची, नळीखालचा लीव्हर ओढायचा, की खऱ्या रायफलसारखा बोल्टचा (नळीच्या मागे सरकणाऱ्या खिट्टीचा) दांडा मागे घ्यायचा? नळी मोडणाऱ्या बहुतेक बंदुका साध्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या असत. नळीखाली लीव्हर आणि वर लष्करी धाटणीचं लाकूड, असं आठवत असेल तर बीएसए या ब्रिटिश कंपनीची १९०७ सालची ‘मिलिटरी पॅटर्न’ तपासून पाहा. ती ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलच्या रूपात बनवलेली होती, पण दुर्मीळ आहे, त्यामुळे पहिला अंदाज तिच्यावर बांधू नये.

बोल्ट आठवत असेल तर शोध बराच अरुंद होतो. आता दुसरा प्रश्न, गोळी कशी भरायची? ट्रिगरच्या पुढे, खालून छोटं मॅगझिन लागत असेल आणि आत कमरेत बारीक असणारे छर्रे नसून शिशाच्या गोल गोळ्या असतील, तर हेनेल या जर्मन कंपनीकडे वळा. ह्यूगो श्माइसर या शस्त्ररचनाकाराचं मॉडेल ३३ जर्मन लष्कराच्या माउझर रायफलसारखं दिसतं आणि ४.४ मिमीची गोळी घेतं. ‘३३ ज्युनिअर’ त्याहून लहान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत आलेलं हेनेल ३१० हीच गोळी वापरतं, पण त्याचा लष्करी आव कमी आहे. आन्शुट्झ या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या २७५ चीही गोळी ४.४ मिमीचीच, त्यामुळे फक्त गोळीवरून निकाल लावू नका.

वेगळं मॅगझिन नव्हतं, गोळ्या बंदुकीच्या पोटातच ओतायच्या, असं असेल तर चेकोस्लोव्हाकियाच्या व्हीझेड ३५ आणि व्हीझेड ४७ या रायफली पाहा. नळीच्या टोकाशी संगीन बसवायची खूण असेल तर व्हीझेड ३५ ची शक्यता वाढते.

एक अपवाद लक्षात ठेवा. बंदुकीला नेम धरायची पुढची माशी आणि मागचं साइट दोन्ही नव्हती असं कुणी सांगितलं, तर ती तुटली असावीत असं लगेच धरू नका. अमेरिकी लष्कराच्या १९६० च्या दशकातल्या ‘क्विक किल’ प्रशिक्षणात साइट नसलेल्या डेझी कंपनीच्या बीबी गन (बारीक गोल गोळ्यांच्या हवेच्या बंदुका) वापरत.

इथे एक मोठी फसगत होते. आठवणीतली ‘एअर रायफल’ अनेकदा .२२ इंची सरावाची काडतुसी रायफल निघते. बार होताना कडक आवाज यायचा का, रिकामी पितळी पुंगळी बाहेर पडायची का, दारूचा वास यायचा का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती बहुधा एअर रायफल नव्हती, आणि पुंगळी पडत असेल तर नक्कीच नव्हती. शिवाय बोल्टची एअर रायफल कॉक करायला भरपूर जोर लागतो, कारण हातानेच आतली स्प्रिंग दाबावी लागते. .२२ चा बोल्ट त्यामानाने हलका.

बंदूक प्रत्यक्ष हाती आली असेल तर ती भरलेली आहे असंच समजा. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, नळीत डोकावू नका आणि गंमत म्हणून रिकामी झाडू नका. समोर छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो पुढे जाऊन आदळतो आणि सील किंवा स्प्रिंग निकामी होते. जुनं चामडी सील कोरडं पडलेलं असतं, पण तेलाचा मारा करू नका: दाबाखाली तापलेल्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

छाप वाचायला पॉलिश पेपर अजिबात लावू नका, अक्षरं जातात ती कायमची. मऊ कापडाने धूळ पुसा, खडूची पूड चोळा आणि टॉर्च अगदी तिरपी धरा. नळीचा वरचा भाग, चेंबरचा मागचा भाग आणि दस्त्याचं लाकूड, सगळं तपासा. ‘डी.आर.पी.’ किंवा ‘डी.आर.जी.एम.’ ही जर्मन नोंदणीची अक्षरं साधारणपणे १९४५ पूर्वीचा काळ सुचवतात. पंचकोनातला ‘एफ’ असेल तर माल १९७० नंतरचा पश्चिम जर्मन बाजारातला. सिंहाचा छाप चेकोस्लोव्हाक लष्कराचा, बाणाच्या टोकासारखी खूण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची. दस्ता मात्र बदललेला असू शकतो, म्हणून लाकडावरच्या एकट्या छापावर विसंबू नका. धातूवरचा छाप जुळला तरच खरं.

सोबत गोळ्या सापडल्या तर चुंबक लावा. चिकटली तर पोलादी, नाही तर बहुधा शिसं. व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) व्यास तीन ठिकाणी मोजा, कारण शिसं सहज चेपतं. ४.५ मिमीची गोळी ४.४ च्या मॅगझिनमध्ये अडकते, आणि शिशाच्या गोळीसाठी केलेल्या आटेदार (आत पिळाच्या खाचा असलेल्या) नळीतून पोलादी गोळी झाडली की आटे खरवडले जातात.

फक्त जुना फोटो असेल, तर बंदुकीपासून त्याच अंतरावर असलेली, माहीत असलेल्या लांबीची वस्तू शोधून तिच्याशी तुलना करा. माउझर के ९८ के १११ सेंमी लांब आहे. मोजणी त्याच्या जवळ आली आणि मॅगझिन खाली दिसत असेल, तर हेनेल ३३ चा अंदाज बळकट होतो.