दाढेच्या इंजेक्शननंतर चेहरा लुळा पडला तर : या चुका टाळा

खालच्या दाढेचे रूट कॅनल करताना किंवा अक्कलदाढ काढताना दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननंतर क्वचित एखाद्या रुग्णाचा त्या बाजूचा चेहरा काही मिनिटांतच लुळा पडतो. चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते, हसताना तोंड दुसऱ्या बाजूला ओढले जाते आणि डोळे मिटायला सांगितले की एका डोळ्याची पापणी अर्ध्यावर थांबून बुबुळ वर सरकते व खाली पांढरा भाग तेवढा दिसत राहतो. सोबतच्या नातेवाइकांच्या तोंडून अशा वेळी ‘वारं गेलं’ हेच शब्द निघतात. प्रत्यक्षात हा प्रकार बहुधा काही तासांत पूर्ण बरा होतो. नुकसान होते ते त्या काही तासांत केलेल्या चुकांमुळे.

खालचा जबडा बधिर करण्यासाठी औषध जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला, दातांची चेता (नस) हाडात शिरते त्या जागेजवळ सोडायचे असते. सुई फार मागे गेली, तर ती त्या हाडाची मागची कड ओलांडून पॅरोटिड लाळग्रंथीत, म्हणजे गालगुंडात सुजते त्या ग्रंथीत, शिरते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी, मेंदूतून निघणारी सातवी चेता याच ग्रंथीतून शाखा फोडत पुढे जाते. दातांची संवेदना मात्र पाचव्या चेतेकडे असल्यामुळे दात जागाच राहतो आणि चेहरा झोपतो, असा विचित्र प्रकार घडतो.

डॉक्टरांच्या हातून होणारी मूळ चूक एकच, ती म्हणजे सुईचे टोक हाडाला टेकल्याची खात्री न करता औषध सोडणे. प्रौढ माणसात साधारण 20 ते 25 मिलिमीटर खोलीवर हाड लागायला हवे. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत वापरली जाणारी दीड इंची सुई सुमारे 38 मिलिमीटर लांब असते, त्यामुळे ती मुळापर्यंत आत जाऊनही हाड लागले नाही, तर टोक भलतीकडे आहे हे उघड आहे. अशा वेळी सुई थोडी मागे घ्यावी, सिरिंज विरुद्ध बाजूच्या दाढांकडे आणखी वळवावी आणि हाड लागल्यावरच, सिरिंजचा दट्ट्या ओढून रक्त येत नाही हे पाहून, औषध हळूहळू सोडावे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात ‘इतके आत गेले म्हणजे जागेवरच असणार’ असे मी एकदा गृहीत धरले होते. ओठ बधिर होईना म्हणून दुसरी सिरिंज भरायला घेतली, तेव्हा रुग्णाची ती न मिटणारी पापणी मला दिसली. ओठ बधिर झाला नाही, तर पुन्हा टोचण्याआधी रुग्णाला कपाळाला आठ्या घालायला आणि डोळे मिटायला सांगावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

लुळेपणा लक्षात आल्यावर सगळे तोंडाकडे पाहत बसतात, आणि खरी काळजी लागते ती डोळ्याला. बुबुळाची संवेदना शाबूत असते, त्यामुळे कण गेला की खुपते, पण पापणी मिटत नाही आणि पृष्ठभाग कोरडा पडून ओरखडे उठू शकतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर लगेच काढावी, कृत्रिम अश्रूंचे थेंब अधूनमधून घालावेत, बोटाने पापणी मिटवत राहावे. गॉजची पट्टी लावायची तर आधी पापणी पूर्ण मिटवून घ्यावी. उघड्या डोळ्यावर घासणारी पट्टी नसलेली बरी. दुचाकी चालवू नयेच, पण मागे बसून धुळीतून घरी जाणेही टाळावे. भुलीच्या औषधांपैकी ॲड्रेनालिनयुक्त लिग्नोकेनचा असर साधारण 3 ते 5 तास राहतो, बुपिव्हाकेनचा त्याहून बराच जास्त. तेवढ्या वेळात गालाला शेक देणे किंवा तेलाने चोळणे निरुपयोगी असते, आणि गाल बधिर असेल तर गरम पिशवीने भाजल्याचेही कळत नाही.

हा पक्षाघाताचा झटका तर नाही, ही शंका रास्त असते. झटक्यात बहुधा कपाळाच्या आठ्या शाबूत राहतात, इथे त्याही जातात. जीभ बधिर असल्यामुळे बोलणे बोबडे होऊ शकते, म्हणून त्यावर विसंबू नये. दोन्ही हात समोर धरायला सांगून पाहावे. हात खाली येत असेल किंवा बोललेले समजत नसेल, तर ‘इंजेक्शनचाच असर’ म्हणत थांबू नये, 108 ला फोन करावा.

भूल उतरल्यावरही चेहरा सावरला नाही, किंवा लुळेपणा काही तासांनी वा दिवसांनी सुरू झाला, तर कारण वेगळे असते. चेतेचा रक्तपुरवठा आकुंचित होणे किंवा सुप्त नागीण-गटातील विषाणू जागा होणे अशा शक्यता तिथे धरल्या जातात आणि बरे व्हायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. बेल्स पाल्सीप्रमाणे (एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडण्याचा आजार) स्टेरॉइड द्यायचे ठरले, तर ते पहिल्या 72 तासांत सुरू करण्यात फायदा असतो, म्हणून ‘दोन-चार दिवस पाहू’ हे धोरण इथे महागात पडते. मधुमेह असल्यास तो आधी सांगावा, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. कानात फोड आले असतील तर तेही दाखवावेत.

राहिली नोंदीची चूक. डॉक्टर केसपेपरवर काही लिहीत नाहीत, आणि रुग्ण पुढच्या दवाखान्यात जाऊन ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असे सांगतो. मग दुखरी दाढ महिनोन् महिने तशीच राहते. ही ॲलर्जी नव्हती, औषध चुकीच्या जागी पडले होते. तेच औषध योग्य जागी पुन्हा देता येते.